पेटंट आणि ग्राहक कायद्याची वकिली (भारत)

पेटंट मिळवणे, टिकवणे वा रद्द करवणे आणि ग्राहकांच्या तक्रारी चालवणे, अशी दुहेरी वकिली. दोन्हींसाठी कायद्याची पदवी आणि सनद लागते. महाराष्ट्र व गोव्यात ती बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा देते. पुढे वाटा फुटतात. पेटंट कार्यालयातल्या कामाला नुसती सनद पुरत नाही, तर ग्राहक आयोगात वकिलावाचूनही चालते.

पेटंट कायदा, 1970 नुसार दुसऱ्याच्या वतीने अर्ज तयार करून चालवायचा तर पेटंट एजंट म्हणून नोंदणी हवी, आणि तिच्यासाठी विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी. त्यामुळे या क्षेत्रात आधी बी.एस्सी., बी.फार्म. किंवा बी.ई. आणि मग एलएल.बी. असा क्रम नेहमी दिसतो. एजंट नसलेला वकील कंट्रोलरपुढच्या (पेटंट कार्यालयातला निर्णय देणारा अधिकारी) सुनावणीत बाजू मांडू शकतो, एवढेच. एजंटच्या परीक्षेत मसुदालेखनाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते, आणि खरी कसोटी तीच. ‘क्लेम’ म्हणजे शोधावरच्या हक्काची हद्द आखणारे वाक्य. तो फार ऐसपैस लिहिला तर जुने संशोधन दाखवून तो उडवता येतो. फार संकुचित लिहिला तर स्पर्धक एखादा भाग बदलून निसटतो. 20 वर्षांच्या हक्काची किंमत अशी दोन-चार वाक्यांवर ठरते. पेटंट कार्यालयाचे मुख्यालय कोलकात्यात आहे. मुंबईची शाखा अँटॉप हिलला. 2021 मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ बरखास्त झाल्यापासून पेटंट कार्यालयाच्या निर्णयांवरची अपिले उच्च न्यायालयांत जातात. कंपनीत पूर्णवेळ पगारी नोकरी धरली, तर वकिली स्थगित ठेवावी लागते.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 (अंमल 20 जुलै 2020 पासून) अन्वये जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय आयोग काम करतात. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली किंमत 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तक्रारदार स्वतः उभा राहू शकतो. अधिकृत प्रतिनिधीही चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये मुंबईतून गेलेल्या वादात मान्य केले. महाराष्ट्रात ग्राहक पंचायतींच्या चळवळीने लोकांना ही सवय आधीच लावली होती. साहजिकच एकट्यादुकट्या तक्रारदाराच्या फीवर वकिलाचे भागणे कठीण. नियमित काम बहुधा विमा कंपन्या, बँका आणि बिल्डरांकडून येते. गंमत अशी, की खुद्द वकिलाची सेवा या कायद्याबाहेर असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये दिला. सदोष वकिलीबद्दल अशिलाला ग्राहक आयोगात जाता येत नाही.

खरेदीदाराला परवडणारी किंमत हा प्रश्न पेटंटच्या कायद्यातही येतो, तो सक्तीच्या परवान्याच्या, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीवाचून दुसऱ्याला उत्पादनाची मुभा देण्याच्या तरतुदीत. बायर कंपनीचे ‘नेक्साव्हर’ हे कर्करोगावरचे औषध महिन्याला सुमारे 2 लाख 80 हजार रुपयांना पडे. 9 मार्च 2012 रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयातून नॅटको कंपनीला ते महिन्याला 8,880 रुपयांत विकण्याचा परवाना मिळाला. देशातला हा पहिला सक्तीचा परवाना. ‘वाजवी’ किंमत ठरवताना संशोधनाचा खर्चही धरावा, असा बायरचा युक्तिवाद होता. कंट्रोलरने ती मुख्यतः जनतेच्या ऐपतीवरून ठरवली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये परवाना कायम ठेवला.