दूरस्थ समुपदेशन: छापील उत्तरांपासून व्हिडिओ कॉलपर्यंत

१९२७ साली निघालेल्या ‘समाजस्वास्थ्य’ या लैंगिक आरोग्याच्या मासिकात र. धों. कर्वे वाचकांच्या प्रश्नांना छापील उत्तरं देत. प्रश्न असे, की घरच्या डॉक्टरलाही विचारायची चोरी. १९३४ मध्ये कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला तो अशाच उत्तरांवरून, आणि त्यांची बाजू मांडली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. याला आज कुणी समुपदेशन म्हणणार नाही. एक प्रश्न, एक उत्तर, विषय संपला. पण समोर बसून जे तोंडातून निघत नाही ते कागदावर उतरतं, हे तेव्हाच दिसलं होतं.

फोनवरच्या मदतीची सुरुवात साधारणपणे लंडनच्या ‘सामॅरिटन्स’ या संस्थेपासून धरतात. चॅड व्हाराह या धर्मगुरूने ती १९५३ मध्ये सुरू केली. बोलणाऱ्याचं नाव विचारायचं नाही, उपदेश करायचा नाही, ऐकून घ्यायचं, हा तिथला शिरस्ता. आपल्याकडे चेन्नईची ‘स्नेहा’ १९८६ पासून याच वाटेने काम करते आहे. डॉक्टरांची वाट मात्र वेगळी होती. अमेरिकेत नेब्रास्काच्या मानसोपचार संस्थेने १९५९ मध्ये दुतर्फी टीव्हीवरून उपचार करून पाहिले आणि १९६४ मध्ये सुमारे १८० किलोमीटरवरच्या सरकारी मनोरुग्णालयाशी कायमची जोडणी केली. तिथे रुग्णाची ओळख, पत्ता, केसपेपर सगळं हाताशी. निनावी ऐकणं आणि ओळख पटवून उपचार करणं, या दोन परंपरा इंटरनेटवर एकत्र आल्या, आणि आजच्या बऱ्याच अडचणी त्या सांध्यातल्या आहेत.

मानसिक आघातावर इंटरनेटवरून पद्धतशीर उपचार होऊ शकतात हे दाखवणाऱ्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे ॲमस्टरडॅमचे मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड लांगे यांची ‘इंटरॅपी’, १९९०च्या दशकाच्या अखेरची. पाच आठवडे, आठवड्यातून दोनदा, दर वेळी ४५ मिनिटं लिहायचं. आधी घडलेला प्रसंग ‘मी’ धरून, वर्तमानकाळात: काय दिसतंय, कसला वास येतोय, अंगाला काय जाणवतंय. शुद्धलेखनाची नि क्रमाची पर्वा करायची नाही. मग हाच प्रसंग ओढवलेल्या एखाद्या काल्पनिक मित्राला धीर देणारं पत्र. शेवटी त्या घटनेला निरोप देणारं पत्र, पाठवा किंवा पाठवू नका. उपचारक मजकूर वाचून लेखी सूचना देई. प्रवेशाआधीची चाळणी कडक होती. आत्महत्येचा धोका, मनोविकृतीची लक्षणं किंवा व्यसन असेल तर नकार. आठवण उसळून वर आली तर सावरायला जवळ कुणी नसतं, हे त्यामागचं कारण. आज कित्येक ॲपवर आघाताबद्दल बोलणं पहिल्याच सत्रात सुरू होतं. ही चाळणी मात्र बहुतेकदा गळालेली असते.

मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये ‘आयकॉल’ सुरू केलं. फोनबरोबर ईमेलवरही समुपदेशन मिळू लागलं. भिंतीला कान असलेल्या घरांसाठी ती मोठीच सोय होती. लिहिताना आवाज होत नाही.

२५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, टेलिमेडिसिनची, म्हणजे डॉक्टरांनी दुरून करायच्या उपचारांची, मार्गदर्शक तत्त्वं आली. डॉक्टरने रुग्णाची ओळख पटवायची, स्वतःचा नोंदणी क्रमांक द्यायचा. एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखालची औषधं ऑनलाइन लिहून द्यायला बंदी. घबराटीवरची अल्प्राझोलाम त्यातच मोडते, म्हणून व्हिडिओवर ती मागणाऱ्याला नकार मिळतो. मात्र हे नियम नोंदणीकृत डॉक्टरांपुरते होते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) नोंदणी १९९२च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. ‘समुपदेशक’ अशी पाटी मात्र कुणीही लावत आला. बाकीच्या मानसशास्त्रज्ञांना नि समुपदेशकांना कायद्याच्या कक्षेत आणायचं काम २०२१च्या सहयोगी आरोग्य व्यवसाय कायद्याने हाती घेतलं.

फोनवर मानसिक आरोग्याची मदत देणारं सरकारी ‘टेली-मानस’ १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालं. १४४१६ लावून भाषा निवडली की प्रशिक्षित समुपदेशकाशी गाठ पडते. गरज दिसली तर पुढे तज्ज्ञांकडे किंवा जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य यंत्रणेकडे पाठवतात. दोन वर्षांनी त्यात ॲप आणि व्हिडिओची भर पडली.

खासगी मंचांची गोष्ट निराळी. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२३ मध्ये ‘बेटरहेल्प’ या ऑनलाइन समुपदेशन कंपनीला ग्राहकांची माहिती जाहिरातीसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याबद्दल ७८ लाख डॉलर भरायला लावले. माहिती देणाऱ्यांना ती गोपनीय राहील असं सांगितलेलं होतं. म्हणूनच नोंदणीच्या वेळी भरून घेतलेली ‘तुम्हाला नैराश्य आहे का’ छापाची प्रश्नावली कुठे जाते, हे पैसे भरण्याआधी विचारावं.

या सगळ्यातून कामाची एक पद्धत रुळली आहे. सत्राच्या सुरुवातीला समुपदेशन घेणारा आत्ता नेमका कुठे बसलाय तो पत्ता, जवळच्या एका माणसाचा नंबर आणि जवळचं रुग्णालय लिहून घ्यायचं. घरचा पत्ता पुरत नाही. माणूस पुण्यातला असतो, बोलत असतो नाशिकच्या लॉजमधून. कॉल तुटला तर कुणी कुणाला आणि किती मिनिटांत फोन करायचा, हेही आधीच ठरवतात. नवरा-बायकोचं भांडण असेल तर एकत्र कॉलच्या आधी दोघांशी वेगवेगळं बोलतात. इयरफोन लावून, ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर लागेल असे प्रश्न विचारून. मारहाण होत असेल आणि मारणारा स्क्रीनच्या चौकटीबाहेर बसला असेल, तर समुपदेशकाला तो दिसत नाही. एकत्र सत्रात बायकोने तोंड उघडलं, तर त्याची किंमत तिला कॉल संपल्यावर मोजावी लागते.