एका घराण्याच्या विस्मरणाचा चाळीस वर्षांचा मागोवा

१९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात कोलंबियातील मेदेयीन शहरात फ्रान्सिस्को लोपेरा हे तरुण डॉक्टर मेंदूविकारशास्त्राचे शिक्षण घेत असताना त्यांच्यासमोर असा एक रुग्ण आला, की पन्नाशीही गाठली नसताना त्याची स्मरणशक्ती म्हाताऱ्या माणसासारखी ढासळत चालली होती. चौकशीअंती कळले, की त्याच्या रक्ताच्या नात्यातील आणखी काही जण साधारण त्याच वयात असेच विसरू लागले होते. हा होता कमी वयात होणारा आनुवंशिक अल्झायमर; पण त्या डोंगराळ भागातील लोक त्याला ‘ला बोबेरा’, म्हणजे खुळेपणा, म्हणत. कोणी तो शाप मानी, तर कोणी विशिष्ट झाडाला हात लागल्याचा परिणाम.

लोपेरा यांनी पुढे आंतिओकिया विद्यापीठात राहून या एकाच घराण्याचा पिच्छा पुरवला. एका सहकारी परिचारिकेसोबत ते गावोगावी फिरले, चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यूच्या नोंदवह्या चाळल्या आणि त्यांतून वंशवृक्ष जुळवत नेले. हा भाग तेव्हा सशस्त्र संघर्षाने पोळलेला होता आणि त्या परिचारिकेला बंडखोरांनी काही दिवस डांबूनही ठेवले होते. मेंदूसंशोधन म्हटले की आपल्याला झगझगीत यंत्रे आठवतात; या संशोधनाचा पाया मात्र नोंदवह्या आणि पायपीट यांवर उभा आहे. हळूहळू सुमारे ६,००० जणांचे गोत समोर आले.

१९९५ मध्ये दोष सापडला तो चौदाव्या गुणसूत्रावरील प्रेसेनिलिन-१ या जनुकात. प्रथिनाच्या साखळीत २८०व्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी अ‍ॅलनिन येते, एवढाच काय तो फरक. पण प्रेसेनिलिन हे पेशीतील एका कात्रीचे पाते आहे. ही कात्री एका मोठ्या प्रथिनाचे तुकडे करते, आणि पाते बिघडले की ४२ अमिनो आम्लांच्या लांब, चिकट तुकड्यांचे प्रमाण वाढते. त्यांचेच पुढे मेंदूत अ‍ॅमिलॉइड नावाचे थर बनतात. आईवडिलांपैकी एकाकडे हा दोष असला, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. मिळाला, तर स्मरणशक्तीची घसरण साधारण चव्वेचाळिसाव्या वर्षी लक्षात येते आणि पन्नाशीच्या आसपास स्मृतिभ्रंश होतो. आजार कधी सुरू होणार हे इतके आधी ठाऊक असल्यामुळेच पेट स्कॅनने, म्हणजे मेंदूत साचलेले अ‍ॅमिलॉइड दाखवणाऱ्या तपासणीने, त्याची पूर्वतयारी पाहता आली, आणि अ‍ॅमिलॉइड साचण्यास अठ्ठाविसाव्या वर्षाच्या सुमारासच सुरुवात होते, असे दिसून आले.

मग अ‍ॅमिलॉइड वेळीच हटवले तर? याच प्रश्नासाठी २०१३ मध्ये क्रेनेझुमॅब या औषधाची चाचणी सुरू झाली. तिच्यात २५२ जण सहभागी झाले. सदोष जनुक नसलेल्यांनाही तिच्यात घेऊन निष्क्रिय द्रव्य टोचले जाई, म्हणजे केवळ चाचणीत असण्यावरून कोणालाही आपले भवितव्य कळू नये. मला तरी ही योजना शास्त्रीयदृष्ट्या जितकी, तितकीच माणुसकीच्या दृष्टीनेही विचारपूर्वक वाटते. २०२२ मध्ये निकाल आला, पण औषधाचा ठोस फायदा दिसला नाही.

खरा धागा तोवर दुसरीकडेच हाती लागला होता. याच घराण्यातील सदोष जनुक असलेल्या एका स्त्रीची बुद्धी सत्तरीपर्यंत शाबूत राहिली होती. तिच्या मेंदूत अ‍ॅमिलॉइड भरपूर होते, पण चेतापेशींच्या आत गुंते करणारे टाऊ प्रथिन मात्र तुलनेने कमी होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधानुसार तिच्याकडे एपीओई या, मेद वाहून नेणारे प्रथिन बनवणाऱ्या, जनुकाच्या ‘क्राइस्टचर्च’ नावाच्या दुर्मीळ प्रकाराच्या दोन प्रती होत्या. या प्रकारामुळे एपीओई प्रथिन पेशींच्या पृष्ठभागावरील शर्करायुक्त रेणूंना नीट चिकटत नाही, आणि टाऊच्या प्रसाराला बहुधा त्यामुळेच आळा बसतो. अ‍ॅमिलॉइडपासून विस्मरणापर्यंतची वाट मध्येच अडवता येऊ शकते, हे एका माणसाच्या मेंदूत असे प्रत्यक्ष दिसले. २०२० मध्ये तिच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला, तेव्हा त्याच्या पुढच्या भागात टाऊ कमी आणि मागच्या, दृष्टीशी संबंधित भागात अधिक आढळले.

मात्र एका व्यक्तीवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे. हजाराहून अधिक वंशजांची माहिती आधीच जमलेली असल्यामुळे या प्रकाराची एकच प्रत असलेले २७ जण शोधता आले. त्यांची बौद्धिक घसरण सरासरी पाच वर्षे उशिरा सुरू झाली होती. हे निष्कर्ष मांडणारा निबंध २०२४च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लोपेरा यांचे निधन झाले.