रडणं किती वेळ चाललं, ते घड्याळात बघून लिहा

"तक्ता कशाला? एका भेटीतच सांगून टाका ना." सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या केंद्रात राग-रडण्यातून मूल कसं सावरतं ते तपासतो, तिथे पालकांकडून हे रोज ऐकू येतं. मूल आमच्यापुढे तासभर असतं. घरी भावाने रिमोट ओढला, शाळेची रिक्षा दारात आली, तेव्हा ते कसं सावरतं हे फक्त तुम्हाला दिसतं. म्हणून आधी ७ दिवसांचा तक्ता. रकाने चारच: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, किती मिनिटं, मोठ्यांनी काय केलं.

घोळ होतो तो एकाच ठिकाणी. सातही दिवस भेटीच्या आदल्या रात्री एका बैठकीत भरले जातात: "चिडला, मग गप्प झाला." आठवणीत मोठा आकांत तेवढा उरतो. मूल आपलं आपण सावरलं ते लहान प्रसंग गळतात, आणि आम्हाला नेमके तेच हवे असतात. शिवाय वैतागलेल्या माणसाला पाच मिनिटांचं रडणं अर्ध्या तासाचं वाटतं. मग कोरा तक्ता पुन्हा द्यावा लागतो, तुमचा आठवडा जातो.

प्रसंग संपल्यावर दहा मिनिटांत लिहा. डोळे कोरडे झाले म्हणजे संपलं असं नाही. मूल नेहमीच्या आवाजात बोललं किंवा खेळाकडे वळलं, ती वेळ धरा. "हट्टीपणा केला" नको. "ताट ढकललं, पडद्यामागे बसला, ४ मिनिटांनी स्वतः पाणी मागितलं" असं हवं. मोबाइल हातात दिला असेल तर तेही लिहा, आम्ही रागावत नाही. पण ते मुलाचं स्वतःचं सावरणं नव्हे, म्हणून वेगळं मोजावं लागतं.

आई आणि आजींनी वेगवेगळे तक्ते भरावेत. जुळले नाहीत तरी खाडाखोड नको. कुणासमोर मूल कसं वागतं, ते त्या फरकातूनच कळतं.

शाळेतल्या बाईंसाठी सोबत 'इमोशन रेग्युलेशन चेकलिस्ट', म्हणजे मूल भावना कशा सावरतं हे तपासायची यादी आहे: १९९७ सालची, २४ वाक्यांची, प्रत्येकाला १ ते ४ गुण. काही वाक्यं उलटी मोजायची असल्याने सरसकट एकच आकडा लिहिलेली यादी उपयोगाची नाही.

केंद्रात पारदर्शक डब्यात खेळणं ठेवून मुलाला चुकीची किल्ली देतो. काही पालकांना हा छळ वाटतो. थोडं अडल्याशिवाय सावरणं दिसत नाही, आणि शेवटी बरोबर किल्ली देऊन खेळू देतोच. "रडायचं नाही हं" असं घरून पढवून मात्र आणू नका. जत-आटपाडीहून एसटीने येणार असाल तर दुपारची वेळ मागा. भुकेलं, झोपमोड झालेलं मूल तपासून काही कळत नाही.

तिसऱ्या दिवशी तक्त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. चुकत असेल तर तिथेच सांगतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.