नजर मंदावते तेव्हा: मुंबईतल्या नऊ कुटुंबांची पार्श्वभूमी

एससीए-2 (स्पायनोसेरेबेलर अटॅक्सिया, प्रकार 2) या आनुवंशिक आजारात चालताना तोल जातो, हाताचा नेम चुकतो, बोलणं जड होतं. तोल घालवणारे असे आजार, म्हणजे अटॅक्सिया, डझनांनी आहेत. त्यांच्या गर्दीत एससीए-2 उठून दिसतो तो डोळ्यांमुळे. 'हे बोट बघा, आता ते बघा' असं म्हटल्यावर निरोगी माणसाची बुब्बुळं कधी वळली ते कळतही नाही. या रुग्णांची मात्र सरकत सरकत जातात. ही खूण वैद्यकापुढे ठळकपणे मांडली गेली ती मुंबईतून, 1971 मध्ये.

डोळे उड्या मारत पाहतात हे त्याआधी शतकभर माहीत होतं. 1879 च्या सुमारास पॅरिसमध्ये एमिल झावाल यांच्या प्रयोगशाळेत लक्षात आलं, की वाचताना नजर ओळीवरून सलग जात नाही; उडी, थांबा, पुन्हा उडी असं चालतं. या उडीला सॅकेड म्हणतात. 1903 मध्ये अमेरिकेतल्या रेमंड डॉज यांनी डोळ्यांच्या हालचालींचे पाच प्रकार वेगळे काढले: सॅकेड, हलत्या वस्तूचा पाठलाग, डोकं वळलं तरी नजर जागेवर ठेवणारी हालचाल वगैरे. थोड्याफार फरकाने ती वर्गवारी आजही चालते. डॉक्टरांच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की या प्रकारांमागची मेंदूतली व्यवस्था बरीचशी वेगवेगळी आहे. एक बिघडली तरी दुसरी शाबूत राहू शकते.

सॅकेडचा वेग अफाट. मोठ्या उडीत बुब्बुळ सेकंदाला 500 अंशांपर्यंत, कधी त्याहून वेगाने फिरतं. खोबणीतल्या ऊतींचा विरोध मोडायला स्नायूला क्षणभर जोरदार हिसका द्यावा लागतो आणि मुक्कामी पोचल्यावर तिथे टिकवायला कमी पण सततची ओढ. हे गणित 1964 मध्ये डेव्हिड रॉबिन्सन यांनी बसवलं. ते मुळात इंजिनिअर. पुढे प्राण्यांवरच्या प्रयोगांतून हिसका देणाऱ्या चेतापेशी ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठात, सापडल्या: आडव्या हालचालीसाठी त्याच्या मधल्या भागात, उभ्या हालचालीसाठी थोड्या वरच्या भागात. लहान मेंदू उडीची लांबी अचूक ठेवतो, पण वेग त्याच्या हातात नाही.

हा शेवटचा मुद्दा मुंबईच्या कामाचं मर्म आहे. अटॅक्सिया म्हटलं की लहान मेंदू, ही सवय डॉक्टरांच्या अंगी मुरलेली होती; मंदावलेला वेग मात्र त्यापलीकडे, ब्रेनस्टेमकडे बोट दाखवतो. जे. जे. रुग्णालयातले न्यूरॉलॉजिस्ट नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी आर. के. स्वामी यांनी अटॅक्सियाची नऊ कुटुंबं तपासली, तेव्हा डोळ्यांचा हा मंदपणा त्यांच्यात आढळत होता. नजर एका बाजूला न्यायची तर रुग्ण आधी डोकंच वळवत. लंडनहून निघणाऱ्या 'ब्रेन' या नियतकालिकात 1971 मध्ये दोघांनी हा आनुवंशिक अटॅक्सियाचा नवा प्रकार म्हणून नोंदवला. स्कॅनर नाही, जनुकचाचणी नाही. बारकाईने पाहणं आणि घराण्याचा इतिहास खणून काढणं, एवढ्यावर हे काम उभं राहिलं. माझ्या मते भारतीय न्यूरॉलॉजीतल्या सर्वांत कमी गाजलेल्या मोठ्या कामांपैकी हे एक.

मंद डोळे संशोधनालाही उपयोगी पडले. सॅकेड एकदा सुटली की वाटेत बदलत नाही, असा तोवरचा समज. निरोगी डोळ्यात ती इतक्या झटकन संपते की तपासायला वावच राहत नाही. 1976 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डेव्हिड झी, रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी अशाच अटॅक्सियाच्या रुग्णांसमोर लक्ष्य ऐन उडीत हलवून पाहिलं. डोळे अर्ध्या वाटेत वळले! म्हणजे उडी चालू असतानाही मेंदू 'अजून किती उरलं' याचा हिशेब ठेवत असतो. आजारी डोळ्याने निरोगी डोळ्याचं गुपित सांगितलं.

एससीए-2 चं जनुक हाती यायला 1996 उजाडलं. बाराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सीएजी ही डीएनएच्या तीन अक्षरांची जोडणी बहुतेकांत 22 वेळा येते. ती 33 च्या आसपास किंवा पुढे गेली की आजार संभवतो. 1998 मध्ये वाडिया आणि सहकाऱ्यांनी भारतीय घराण्यांचा जनुकीय अभ्यास 'ब्रेन'मध्येच छापला आणि मंद सॅकेडचं निदानातलं महत्त्व पुन्हा अधोरेखित केलं. क्युबातल्या ओल्गीन प्रांतात या आजाराचे रुग्ण फार मोठ्या संख्येने आहेत. तिथल्या अभ्यासात दिसलं, की जोडणी जितकी लांब तितकी नजर मंद. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात, ज्यात वाडियाही सहलेखक होते, या मंदपणाचं मूळ ब्रेनस्टेममधल्या हिसका देणाऱ्या चेतापेशींच्या ऱ्हासाशी जोडलं गेलं.

मंद नजर दिसली म्हणजे एससीए-2च, असं नाही. 1964 मध्ये टोरांटोच्या तीन डॉक्टरांनी वर्णन केलेल्या पीएसपी (प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लियर पाल्सी) या मेंदूच्या आजारातही सॅकेड मंदावते, पण तिथे आधी बिघडते ती वर-खालची हालचाल; पुढे खाली पाहणं अवघड होऊन जिना उतरताना पंचाईत होते. एससीए-2 मध्ये आडवी हालचाल पुढे असते. म्हणून तपासणीत बोटं दोन्ही दिशांना धरली जातात. दोन्ही आजारांवर अजून मूळ रोखणारं औषध नाही.