स्वनिमसूचीवरून वाक्‌संश्लेषण

स्वनिमांची (भाषेतील अर्थभेदक ध्वनींची) क्रमवार यादी देऊन यंत्राकडून वाणी निर्माण करवून घेण्याची पद्धती. हिच्यात ध्वनिमुद्रित मानवी आवाज वापरला जात नाही.

आरंभाविषयी मतभेद आहेत. हॅस्किन्स या अमेरिकी वाक्‌संशोधन प्रयोगशाळेतील लीबरमन, कूपर प्रभृतींनी १९५९ मध्ये संश्लेषणाचे किमान नियम प्रसिद्ध केले. काही अभ्यासक तेथूनच आरंभ धरतात. मात्र त्या नियमांनुसार ध्वन्याकृती (ध्वनीचे कालानुसार बदल दाखविणारे आलेख) हाताने रंगवून त्या यंत्रावर वाजवाव्या लागत. त्यामुळे संगणकीय पद्धतीचे श्रेय बेल या अमेरिकी दूरध्वनी कंपनीच्या प्रयोगशाळेतील केली व गर्स्टमन (१९६१) यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. त्याच सुमारास बेलमध्ये संगणकाकडून गाणेही गाऊन घेतले गेले. ते यंत्र आयबीएम ७०९४ असल्याचे पुष्कळदा छापले जाते. पण ७०९४ वापरात आले १९६२ मध्ये. प्रयोग १९६१ चा असेल, तर त्याआधीचे आयबीएम ७०४ हेच संभवनीय.

पद्धती घरगुती संगणकांपर्यंत पोहोचली ती १९८० च्या सुमारास, रिचर्ड गॅग्नन यांच्या संरचनेवर आधारलेल्या व्होट्रॅक्स एससी-०१ या चिपमुळे. प्रत्येक स्वनिमाला सहा बिटांचा संकेत असल्याने सूचीत ६४ नोंदी मावतात. विराम त्यांतच धरलेले आहेत. आणखी दोन बिटांनी आवाजाच्या चार पट्ट्या निवडता येतात. एकाच स्वराच्या लांबीनुसार वेगवेगळ्या नोंदी आहेत : ‘एएच’ (साधारण ‘आ’) २५० मिलिसेकंद, ‘एएच१’ १४६, ‘एएच२’ ७१. शब्दात कोणता घालायचा हे कानानेच ठरवावे लागे. ‘सीएच’च्या आधी ‘टी’ आणि ‘जे’च्या आधी ‘डी’ दिल्याशिवाय इंग्रजी च, ज नीट उमटत नाहीत. स्पर्श (हवा क्षणभर अडणे) व घर्षण (ती अरुंद वाटेने सुटणे) हे या व्यंजनांचे दोन्ही घटक येथे सुटे हाताळावे लागतात. एका स्वनिमाकडून दुसऱ्याकडे जातानाचे संक्रमण चिप स्वतः करते, म्हणून सेकंदाला सुमारे ७० बिट पुरतात. दूरध्वनीच्या अंकीय ध्वनीला ६४,००० लागतात.

इंग्रजी मजकुरापासून सूची बनविण्यासाठी अमेरिकी नौदल संशोधन प्रयोगशाळेने १९७६ मध्ये ३२९ नियम प्रसिद्ध केले होते. चिपमधील मूळ स्वनिमसूची अमेरिकी इंग्रजीची. ण, ळ आणि ख, घ, भ यांसारखी महाप्राण व्यंजने तीत नाहीत.

चिप व्हिडिओ गेममध्येही वापरली गेली. ‘क्यूबर्ट’मधील (१९८२) पात्राची अगम्य शिवीगाळ स्वनिम यदृच्छया जुळवून केलेली आहे.