मॅक्लारेन व्हेलची हलकी ग्रेनाश

मॅक्लारेन व्हेलची हलकी ग्रेनाश : दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या मॅक्लारेन व्हेल या किनारी प्रदेशात ग्रेनाश द्राक्षांपासून होणारी, फिकट रंगाची आणि कमी तुरट लाल वाइन. यातला ‘हलकी’ हा शब्द जपून वाचावा. हलका असतो तो रंग आणि जिभेवरचा भार. अल्कोहोल बहुधा १३.५ ते १४.५ टक्के, म्हणजे चांगलेच असते. ग्लास वर्तमानपत्रावर धरला तर खालच्या ओळी वाचता येतात, आगळात पाणी घातल्यावर येतो तसा तांबूस रंग दिसतो आणि पिणारा फसतो.

ग्रेनाश मूळची स्पेनची; तिथे तिला गार्नाचा म्हणतात आणि सार्डिनिया बेटावर कान्नोनाऊ. फ्रान्समध्ये शातोनफ-द्यु-पापच्या वाइनचा कणा हीच जात. द्राक्ष उशिरा पिकते, साखर भरपूर भरते, साल पातळ असते. त्यामुळे रंग आणि तुरटपणा मुळातच कमी, आंबटपणाही बेताचा. गडद रंग म्हणजेच दर्जा असे मानणाऱ्यांनी हे सगळे दोषांच्या यादीत टाकले. शिराझ या गडद, दाट लाल वाइनच्या शेजारी ग्लास ठेवला की ग्रेनाश आजारी दिसते, हेही खरेच.

मॅक्लारेन व्हेल ॲडलेडच्या दक्षिणेला सुमारे ४० किलोमीटरवर आहे. ही कौर्ना लोकांची भूमी. पश्चिमेला सेंट व्हिन्सेंटचे आखात, पूर्वेला माउंट लॉफ्टीची डोंगररांग. उन्हाळा कोरडा, पाऊस मुख्यतः हिवाळ्यात. दिवसा आखातावरून गार वारा येतो, रात्री डोंगराच्या घळींतून थंड हवा खाली उतरते. वाइनमध्ये समुद्राचा खारेपणा उतरतो, असे बाटलीमागच्या मजकुरात हौसेने लिहिलेले असते. ते फार मनावर घेऊ नये. समुद्राचे खरे काम तापमानाचे. उन्हाचा कडाका मोडला की साखर हळू भरते आणि मण्यांचा ताजेपणा टिकतो.

जॉन रेनेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या भागात द्राक्षवेली लावल्या. पुढे ग्रेनाश इथे खूप पसरली, पण तिचा माल मुख्यतः फॉर्टिफाइड, म्हणजे ब्रँडीसारखे मद्य घालून जोर वाढवलेल्या, पोर्टच्या धर्तीच्या गोड वाइनमध्ये जिरत असे. गोव्यात ‘पोर्ट’ म्हणून मिळणाऱ्या गोड लाल वाइनने ज्यांची सुरुवात झाली, त्यांना ही गोडी वेगळी सांगायला नको. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकांची चव कोरड्या, म्हणजे गोडी नसलेल्या वाइनकडे वळली आणि ग्रेनाशला गिऱ्हाईक उरले नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यात द्राक्षांचे उत्पादन अति झाले, तेव्हा सरकारने वेली उपटण्यासाठी शेतकऱ्यांना पैसे दिले. त्यात कितीतरी जुन्या ग्रेनाश आणि शिराझ बागा गेल्या. ज्या वाचल्या, त्यांच्याच आज गाथा गायल्या जातात.

या जुन्या बागा नाशिकच्या माणसाला बाग वाटणारच नाहीत. मांडव नाही, तारा नाहीत. गुडघा-मांडीएवढ्या उंचीचे जाड, वेडेवाकडे खोड आणि त्यावर झुडपासारख्या सुटलेल्या काड्या; यांना ‘बुश व्हाइन’ म्हणतात. आपल्याकडे वेल झोपत नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्या लागतात. तिथे हिवाळ्यात वेल पूर्ण निजते, एकच छाटणी पुरते. शिवाय महाराष्ट्रात डॉगरिजच्या खुंटावर कलम करण्याची रीत आहे, तर इथल्या अनेक म्हाताऱ्या वेली स्वतःच्याच मुळांवर उभ्या आहेत, कारण फायलोक्सेरा ही मुळे खाणारी कीड दक्षिण ऑस्ट्रेलियात पोचलेली नाही.

हलक्या ग्रेनाशसाठी सर्वांत नावाजलेला भाग म्हणजे ईशान्येकडचे ब्लेविट स्प्रिंग्ज. जमीन उंचावर, वर खोल वाळू, खाली चिकणमाती. वाळूतल्या ग्रेनाशला सुगंध जास्त आणि तुरटपणा रेशमी. यांगारा इस्टेट या वाइनरीची ‘हाय सँड्स’ ही वाइन १९४६ मध्ये लावलेल्या अशाच वाळूतल्या वेलींची. तिच्या २०१६च्या वाइनला हॅलिडे वाइन कंपॅनियन या ऑस्ट्रेलियन वाइन-मार्गदर्शकाने २०२० साठी ‘वर्षातील सर्वोत्कृष्ट वाइन’ ठरवले. शिराझच्या मुलखात ग्रेनाशला हा मान मिळाला. वाइनकार स्टीव्ह पॅनेल हेही या जातीच्या पुरस्कर्त्यांपैकी ठळक नाव. १९१२ पासूनच्या डॅरेनबर्ग वाइनरीमध्ये आजही द्राक्षे पायांनी तुडवतात आणि टोपलीसारख्या जुन्या दाबयंत्रातून रस काढतात.

वाइन हलकी होते ती अर्धी बागेत, अर्धी तळघरात. तोडणी थोडी आधी, साखर अति भरायच्या आत होते. काही घड देठासकट टाकीत टाकतात. हिरवट-मसालेदार वास आणि तुरटपणाची थोडी पकड त्यातून येते, पण देठ कच्चे असतील तर वाइन कडवट होते. आंबताना सालींचा थर वर तरंगतो. तो जोराने दाबला की रंग आणि तुरटपणा ओढला जातो, म्हणून इथे त्याला फक्त भिजता ठेवतात. पुढचा मुक्काम नव्या ओक पिंपांत क्वचितच. त्यांचा व्हॅनिलाचा वास या नाजूक फळाला गिळून टाकतो. मोठी जुनी पिंपे किंवा सिरॅमिकची अंडाकृती भांडी वापरतात. ग्रेनाश हवेने चटकन बिघडते, मोठ्या पिंपात हवा कमी लागते, हाही फायदा.

चवीत रासबेरी, लाल चेरी, संत्र्याची साल, पांढरी मिरी, कधी बडीशेप. तुलना नेहमी पिनो न्वार या दुसऱ्या फिकट लाल वाइनशी होते आणि ती अर्धीच खरी आहे: पिनोचा आंबटपणा हिच्यात नसतो, उलट एक उबदार गोलाई असते. झणझणीत रश्श्याबरोबर मात्र घेऊ नये, तिखटाने अल्कोहोल घशाला अधिक चटके देते. भाजलेली सुरमई किंवा कमी तिखटाचे मटण बरे.

भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. ५ डॉलरवरच्या बाटलीवरचे आयातशुल्क १५० वरून १०० टक्क्यांवर आणि १५ डॉलरवरच्या बाटलीवरचे ७५ टक्क्यांवर आले. दहा वर्षांत ते अनुक्रमे ५० आणि २५ टक्क्यांपर्यंत उतरायचे आहे. जुन्या वेलींची ग्रेनाश साधारणपणे दुसऱ्या गटात बसते.

लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा नियम थंड देशांतल्या खोल्यांचा. ही वाइन १४ ते १६ अंशांना उघडावी, म्हणजे मुंबईत बाटली आधी दीड-दोन तास फ्रिजमध्ये हवी.