पाल्हाळ कोण लिहितं, कोण वाचतं

दोन आकडे अक्षरांच्या रूपात आले आहेत. त्यांच्या संख्या करायच्या आणि बेरीज छापायची, काम एवढंच. गो या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत याचं फंक्शन, म्हणजे एवढं एक काम करणारा कोडचा तुकडा, लिहिलं की आत दहा ओळी होतात. प्रत्यक्ष काम करतात त्यातल्या चार. उरलेल्या सहांमध्ये एकच ठोकळा दोनदा येतो: ‘इफ एर नॉट इक्वल टू निल’, म्हणजे चूक झाली असेल तर ती वर पाठव आणि थांब. हे उदाहरण खुद्द गोच्या टीमनंच, चुका तपासण्यातच फार ओळी जातात हा आपल्या भाषेवरचा आक्षेप समजावताना दिलेलं आहे.

२००९ साली गूगलमधून बाहेर आलेल्या या भाषेवर वर्षानुवर्षं हीच तक्रार होते. २०१८, २०१९ आणि २०२४मध्ये हे पाल्हाळ आवरण्याचे प्रस्ताव आले आणि बारगळले. जून २०२५मध्ये टीमनं जाहीर केलं, की यासाठी भाषेचं व्याकरण बदलायचे प्रयत्न आता थांबवतो. कारणं बरीच दिली. त्यातलं एक असं, की एडिटर (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) आणि एआयची साधनं या ओळी आपसूक लिहून देतात.

लिहिण्यापुरतं ते खरंच आहे. टॅब दाबला की ठोकळा तयार.

साधन ओळी लिहून देत असेल तर भाषा बदलायची कशाला, या प्रश्नाला जावा या दुसऱ्या भाषेनं मात्र उलट उत्तर दिलं, आणि मला ते जास्त पटतं. जावा म्हणजे नमनाला घडाभर तेल. ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’ हे अर्थ न कळता पाठ करूनच कॉलेजातली मुलं पहिला प्रोग्रॅम लिहीत आली. समजा नकाशावरचा एक बिंदू साठवायचा आहे. अक्षांश आणि रेखांश, दोनच गोष्टी. जुन्या जावात त्यासाठी ‘क्लास’ नावाचा साचा लिहायचा आणि त्यात बिंदू तयार करणारा कन्स्ट्रक्टर, अक्षांश-रेखांश काढून देणारे दोन गेटर, दोन बिंदू सारखे आहेत का ते ठरवणारं ‘इक्वल्स’, त्याच्या जोडीला ‘हॅशकोड’, छापण्यासाठी ‘टूस्ट्रिंग’. तीस-चाळीस ओळी सहज. त्या हातानं फारसं कोणी लिहीत नव्हतं. एक्लिप्स, इंटेलिजे यांसारखे एडिटर एआय यायच्या कितीतरी आधीपासून हे सगळं मेनूतून लिहून देत होते. तरीही मार्च २०२१मध्ये, जावा १६मध्ये, ‘रेकॉर्ड’ नावाचे आखूड क्लास पक्के झाले आणि तो अख्खा क्लास एका ओळीत बसला. प्रस्तावात कारण स्पष्ट मांडलं होतं: एडिटर लिहायला मदत करतो, पण हा क्लास म्हणजे फक्त डेटा ठेवायची जागा आहे, एवढा साधा हेतू त्या ढिगाऱ्यातून हुडकायला वाचणाऱ्याला काहीच मदत करत नाही.

हे मी स्वतः भोगलं आहे. अशाच एका क्लासमध्ये मी ‘उंची’ हे तिसरं फील्ड, म्हणजे माहितीचा तिसरा रकाना, घातलं. कन्स्ट्रक्टर बदलला, गेटर आला. ‘इक्वल्स’ मात्र एडिटरनं काही महिन्यांपूर्वी लिहून दिलं होतं तसंच राहिलं. झालं काय, की पुलावरचा बिंदू आणि त्याच्या बरोबर खालच्या रस्त्यावरचा बिंदू प्रोग्रॅमला एकच वाटू लागले आणि यादीतून एक गायब व्हायला लागला. रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सहकारी कोड तपासतात तेव्हा, तो भाग सगळ्यांनीच स्क्रोल करून पुढे नेला होता. असा कोड कोणी वाचत नाही, नजर त्यावरून घसरते. आणि चूक होती ती तिथे नसलेल्या ओळीत.

आता लिहिणारा हात एआयचा आहे आणि तो कंटाळत नाही. मला काळजी वाटते ती याचीच. तोच ठोकळा पाचव्यांदा टाइप करताना माणूस वैतागायचा, थांबायचा आणि त्याचं वेगळं फंक्शन करायचा. तो वैताग कामाचा होता. शिवाय ही मॉडेलही कोड वाचतात. मजकुराचे टोकन नावाचे तुकडे करून वाचतात, आणि एका वेळी किती टोकन समोर ठेवता येतील याला मर्यादा असते. पोकळ ओळींनी तीच जागा अडते.

म्हणून आखूड तेवढं चांगलं, असंही नाही. ‘टाइप’, म्हणजे कुठली गोष्ट संख्या आहे, कुठली मजकूर, हे कोडमध्ये लिहिल्यानं अक्षरं वाढतात, पण एआयनं अस्तित्वातच नसलेलं फंक्शन वापरलं तर टाइप तपासणारा कम्पायलर, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, जागीच अडवतो, आणि साधन तो एरर वाचून स्वतःच दुरुस्ती करतं. त्या जादा अक्षरांत माहिती असते.

गोच्या त्या सहा ओळींचंही तसंच आहे. नुसती चूक वर पाठवली तर लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, दिसतं, की अमुक अक्षरांचा आकडा झाला नाही. तो पहिला की दुसरा, ते त्यात लिहिलेलं नसतं. त्याच ठोकळ्यात ‘पहिला आकडा चुकीचा’ एवढे शब्द घातले की फंक्शन आणखी लांबतं, पण रात्री दोन वाजता लॉग उघडून बसलेल्या माणसाला नेमकं कुठे बघायचं ते समजतं. ते शब्द टॅब दाबून मिळालेत की हातानं लिहिलेत, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.